गावच्या वाचनालयासाठी छोटा निधी : दिव्यांगांचा सहभाग अंदाजपत्रकात कसा आणायचा

लाख-दीड लाखाचा निधी कागदावर किरकोळ दिसतो. पण गावातलं वाचनालय, समाजमंदिर किंवा व्यायामशाळा सगळ्यांना वापरता येईल अशी करायला तो पुष्कळ असतो. तरीही असे अर्ज मोठ्या संख्येनं परत येतात, आणि कारण बहुतेकदा तेच असतं. प्रस्तावात 'या उपक्रमाचा लाभ दिव्यांग बांधवांनाही होईल' असं वाक्य असतं आणि अंदाजपत्रकात त्या वाक्यासाठी एक रुपयाही ठेवलेला नसतो. अर्ज तपासणारा माणूस आधी शेवटचं पान उघडतो, म्हणजे आकड्यांचं. सहभाग तिथे दिसला नाही तर वरची दहा पानं वाया जातात.

म्हणून इथे अर्जाची सुरुवात उलट्या बाजूनं सांगितली आहे : आधी माणसं, मग जागा, मग आकडे, आणि सगळ्यात शेवटी मजकूर. उदाहरण गावच्या सार्वजनिक वाचनालयाचं घेतलं आहे. ४५ सेंटिमीटर उंच जोतं, समोर तीन पायऱ्या, एक खोली, एक जुना संगणक. अशी वाचनालयं महाराष्ट्रात गावोगाव आहेत.

आधी माणसं शोधा

ग्रामपंचायतीकडे दिव्यांगांची नोंद असते. ती घ्या, पण तिच्यावर थांबू नका. बहुतेक योजनांसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे त्याहून कमी अपंगत्व असलेले, प्रमाणपत्राच्या फेऱ्यांत अडकलेले आणि घराबाहेर न पडणारे लोक या यादीत नसतात. आशाताई, अंगणवाडी सेविका आणि शाळेत येणारे विशेष शिक्षक यांना विचारलं की यादी हमखास वाढते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया, पार्किन्सन आणि मानसिक आजारही त्यात येतात, हे गावात फारसं कुणाला माहीत नसतं.

मग पाच ते सात जणांची समिती करा. त्यातले निम्मे स्वतः दिव्यांग असावेत आणि प्रकार वेगवेगळे असावेत : चाकाची खुर्ची किंवा कुबड्या वापरणारं एक, दृष्टिहीन एक, कर्णबधिर एक. किमान एक स्त्री हवीच. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाच्या वतीनं आईवडिलांना बोलवाल तेव्हा त्या मुलालाही बोलवा. त्याला काय आवडतं हे त्याच्याकडूनच कळतं. 'दिव्यांग प्रतिनिधी' म्हणून एकाच माणसाला सगळीकडे उभं करण्याची सवय सोडायला हवी. कुबड्या वापरणाऱ्या माणसाला दृष्टिहीनाची अडचण आपोआप कळत नाही.

पहिल्या बैठकीपासून प्रवासाचे पैसे द्या. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत असते, पण वस्तीपासून थांब्यापर्यंतच्या रिक्षेला ती लागू नाही, आणि खरा खर्च तिथेच होतो. निमंत्रण कागदावर देऊन भागत नाही. दृष्टिहीनांना व्हॉट्सॲपवर आवाजात पाठवा, कर्णबधिरांना लिहून किंवा खुणांच्या भाषेतल्या छोट्या व्हिडिओतून. बैठक वाचनालयातच ठेवायची असेल आणि तिथे पायऱ्या असतील, तर रॅम्प होईपर्यंत ती शाळेच्या ओट्यावर किंवा अंगणात घ्या. माणसाला उचलून आत नेणं ही सोय नव्हे.

एक फेरी, हातात टेप घेऊन

समिती झाली की एका सकाळी सगळ्यांनी मिळून एसटी थांब्यापासून वाचनालयातल्या पुस्तकाच्या कपाटापर्यंत चालायचं. सोबत मोजपट्टी, वही आणि फोन. जिथे थांबावं लागलं तिथे मोजायचं आणि फोटो काढायचा : गटारावरची फरशी किती रुंद, दाराची मोकळी रुंदी किती, उंबरठा किती उंच, कपाटाचा वरचा खण किती उंचीवर, दिव्याचं बटण कुठे. दाराची रुंदी चौकटीची मोजू नका. दार उघडल्यावर प्रत्यक्ष मोकळी राहणारी जागा मोजा. ती ९० सेंटिमीटर हवी. जुन्या दोन झडपांच्या दारात एक झडप नेहमी खिळलेली असते आणि मोकळी जागा ५०-६० सेंटिमीटरच मिळते. अशा वेळी दार बदलायची गरज नसते, दुसऱ्या झडपेची कडी दुरुस्त केली की काम होतं. अशी बिनपैशाची कामं याच फेरीत सापडतात. ती अर्जाआधीच करून टाका आणि अर्जात तसं लिहा. निधी देणाऱ्याला त्यातून बरंच कळतं.

रॅम्प : सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात

नियम साधा आहे : उंची १ तर लांबी १२. जोतं ४५ सेंटिमीटर असेल तर उताराची लांबी ५.४ मीटर. शिवाय वर आणि खाली प्रत्येकी दीड मीटर सपाट जागा, म्हणजे एकूण ८.४ मीटर. समोर एवढी जागा नसेल तर उतार कमी लांबीचा करू नका, तो वळवा : २.७ मीटरचे दोन भाग आणि मध्ये दीड मीटरचा सपाट टप्पा. रुंदी १.२ मीटर. दोन्ही बाजूंना कठड्याची पकड ७६ आणि ९० सेंटिमीटर अशा दोन उंचींवर, उताराच्या दोन्ही टोकांपुढे ३० सेंटिमीटर वाढवलेली. कडेला किमान ७.५ सेंटिमीटरची उंच कड, म्हणजे चाक घसरून खाली जात नाही.

गवंड्याला '१ ला १२' सांगून भागत नाही, त्याला दोरी दाखवा. वरच्या कडेपासून पाण्याच्या नळीनं पातळीत दोरी ताणा. जिथून उतार सुरू होतो तिथून १.२ मीटरवर दोरीपासून उतार १० सेंटिमीटर खाली असला पाहिजे, २.४ मीटरवर २० सेंटिमीटर. भराव घालतानाच हे तपासा. वरचा काँक्रीटचा थर पडल्यावर तपासून काही उपयोग नाही.

बिघडतं ते असं. भराव एकदम घातला आणि धुम्मस केलं नाही तर पहिल्या पावसाळ्यात तो बसतो, आणि रॅम्प जोत्याला मिळतो तिथे दोन-तीन सेंटिमीटरची पायरी तयार होते. खुर्चीची पुढची लहान चाकं नेमकी तिथे अडकतात. मुरूम १५ सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारून, ठोकून भरायचा. वरून गुळगुळीत फरशी लावण्याचा आग्रह होतो, कारण ती उद्घाटनाच्या फोटोत छान दिसते. पावसात तिच्यावर चालता माणूससुद्धा घसरतो. खराट्यानं आडव्या रेघा ओढलेलं काँक्रीट स्वस्त आहे आणि पाय धरतं. दार बाहेर उघडत असेल तर वरचा सपाट टप्पा दाराच्या झडपेत जातो आणि खुर्चीला मागे सरायला जागा उरत नाही. दार आत उघडणारं करा किंवा टप्पा वाढवा. आणि समोरचा रस्ता दरवेळी डांबरीकरणात उंच होतो. खालच्या टोकाला पाणी साचणार नाही इतका निचरा आधीच ठेवा.

रॅम्पच्या पायथ्याशी मोटरसायकली उभ्या राहतात. पिवळा पट्टा आणि दोन लोखंडी खुंट यांचा खर्च अंदाजपत्रकात आताच धरा. खुंटांमध्ये ९० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा, नाहीतर मोटरसायकलीसोबत खुर्चीही अडेल.

स्वच्छतागृह असेल तर तिथेही तीच मोजपट्टी. दार ९० सेंटिमीटर आणि बाहेर उघडणारं, कारण आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार उघडताच येत नाही. कमोडची बैठक जमिनीपासून ४५ ते ४८ सेंटिमीटर, खुर्ची वळायला दीड मीटर जागा. पैसे कमी पडत असतील तर हे काम दुसऱ्या टप्प्यात ठेवा. अर्धवट करू नका.

आतलं काम

दोन टेबलं अशी हवीत की खाली खुर्ची जाईल : खालची मोकळी उंची ७० सेंटिमीटर, पुढे आडवी पट्टी नको. संगणकावर एनव्हीडीए हे स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि त्यात मराठी आवाजही बसवता येतो. एक बरा हेडफोन आणि एक स्कॅनर घेतला की दृष्टिहीन वाचकाची सुरुवात होते. दिल्लीतून चालणारं 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय दृष्टिहीन आणि छापील मजकूर वाचता न येणाऱ्या वाचकांसाठी आहे. सदस्यत्वाचा अर्ज वाचनालयातूनच भरून द्या. वाचनालयातली छापील पुस्तकं स्कॅन करून अशा वाचकाला देता येतात. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनं तशी मुभा दिली आहे, मात्र नफा न घेता आणि फक्त त्या वाचकांसाठी.

ब्रेल पुस्तकांचा संच मागवण्याआधी गावात ब्रेल येणारं कुणी आहे का, हे विचारा. मोठेपणी दृष्टी गेलेल्यांना बहुधा ब्रेल येत नाही. त्यांना ऐकायचं असतं. कपाटभर ब्रेल पुस्तकं धूळ खात पडली की पुढच्या निधीच्या वेळी तपासणीला आलेला माणूस नेमकी तीच बघतो.

चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, तीनचाकी अशी वैयक्तिक साधनं या निधीतून घेऊ नका. त्यांच्यासाठी केंद्राची एडिप योजना आहे, शिबिरं होतात. साधन माणसाच्या मापानं द्यावं लागतं. वाचनालयानं एकाच मापाच्या चार खुर्च्या आणल्या तर त्या कुणालाच नीट बसत नाहीत.

पैसा कुठून

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार फी वगैरेंतून, ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखायची असते. दिव्यांगांसाठीच्या १९९५ च्या जुन्या कायद्याच्या काळात हे प्रमाण ३ टक्के होतं. स्वतःचं उत्पन्न ६ लाख असलेल्या ग्रामपंचायतीत हे ३०,००० रुपये होतात. हा पैसा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईनं वाटला जातो, कारण वर्षभर कुणी मागत नाही.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. सार्वजनिक इमारतीचा रॅम्प हा त्या इमारतीचा खर्च आहे, दिव्यांगांवर केलेला खर्च नव्हे. आधी इमारत दुरुस्तीच्या सर्वसाधारण तरतुदीतून तो मागा. ५ टक्क्यांतून काही कुटुंबांना औषधाला किंवा उदरनिर्वाहाला मदत मिळते, आणि ती तोडून काँक्रीट ओतलं तर ज्यांच्यासाठी ते ओतलं तेच नाराज होतील. त्या निधीतून सामूहिक काम घ्यायचं असेल तर गावातल्या दिव्यांगांची वेगळी बैठक घ्या, त्यांचं मत इतिवृत्तात लिहा आणि मगच ठराव करा.

ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प नमुना १ मध्ये ५ जानेवारीच्या आत तयार होऊन पंचायत समितीकडे जायचा असतो. म्हणून मागणीचं पत्र नोव्हेंबरमध्ये द्या आणि पोच घ्या. जानेवारीत दिलेलं पत्र पुढच्या वर्षाच्या यादीत जातं. ग्रामपंचायतीचा पैसा वाचनालयाच्या खात्यात येत नाही, काम ग्रामपंचायतच करते : ठराव, अभियंत्याचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, काम, मोजमाप पुस्तिकेत नोंद, मग देयक. अभियंता जागेवर येईल त्या दिवशी समितीतली खुर्ची वापरणारी व्यक्ती तिथे हजर ठेवा. १ ला १२ चा आग्रह तिनं धरला की तो कागदात उतरतो.

ठरावाची भाषा मोजमापांसह असू द्या. उदाहरणार्थ : 'वाचनालयाच्या इमारतीस १:१२ उताराचा, १.२ मीटर रुंदीचा, दोन्ही बाजूंस कठडा असलेला रॅम्प बांधण्यात यावा. देयक अदा करण्यापूर्वी वाचनालयाच्या दिव्यांग सदस्यांच्या समितीने प्रत्यक्ष वापरून पाहून लेखी अभिप्राय द्यावा.' यातलं दुसरं वाक्य सोडू नका. पैसे गेल्यावर चुकीचा रॅम्प तोडायला कुणी येत नाही.

दुसरा मार्ग कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी, आणि खासगी न्यास. सीएसआरसाठी संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, आयकराची १२अ आणि ८०जी नोंदणी आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडचा सीएसआर-१ क्रमांक लागतो. तो १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा आहे. हे नसेल तर नोंदणीच्या मागे वर्ष घालवण्यापेक्षा नोंदणी असलेल्या जवळच्या संस्थेसोबत अर्ज करा, पण कोण काय करणार याचा दोन पानी लेखी करार आधी करा. परदेशी पैसा, मग तो नातेवाइकांच्या मंडळाचा का असेना, एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय घेऊ नका. आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेली संस्थाही असा पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही. रोटरी, लायन्ससारखे क्लब पुष्कळदा रोख न देता वस्तू देतात. त्यांच्याकडे टेबलं आणि स्कॅनर मागा, मानधन मागू नका.

अंदाजपत्रक

१,५०,००० रुपयांच्या निधीचं अंदाजपत्रक कसं दिसावं, त्याचा हा नमुना. दर स्थानिक दरपत्रकांवरून घाला. इथे बघायचं ते प्रमाण.

रॅम्प, कठडे, खुंट : ६२,०००
दार, उंबरठा आणि दोन टेबलं : १८,०००
स्कॅनर, हेडफोन : १२,०००
दिव्यांग समन्वयकाचं मानधन, २,५०० × १० महिने : २५,०००
खुणांच्या भाषेचा दुभाषी, ४ कार्यक्रम × ३,००० : १२,०००
प्रवास, ६ जण × १०० × १० वेळा : ६,०००
मदतनिसांचा प्रवास, ३ जण × १०० × १० वेळा : ३,०००
मोठ्या अक्षरातली आणि ब्रेल पत्रकं : ४,०००
हिशेब तपासणी आणि बँक : ५,०००
किरकोळ दुरुस्ती : ३,०००

यातले ५०,००० रुपये, म्हणजे एक तृतीयांश, थेट माणसांच्या सहभागावर आहेत : मानधन, दुभाषी, प्रवास आणि पत्रकं. काटछाट करायला सांगितलं की बहुतेक जण आधी हाच भाग कापतात, आणि मग नव्या रॅम्पवरून वर कुणी येत नाही. कापायचं तर टेबल एक करा.

समन्वयक गावातलीच दिव्यांग व्यक्ती असावी आणि तिला मानधन द्यावं. बाकी सगळ्यांना पैसे आणि दिव्यांगांनी तेवढी 'सेवा' करायची, हे चालणार नाही. दुभाष्याची तारीख महिनाभर आधी ठरवा, कारण जिल्ह्याच्या गावाबाहेर ते मोजकेच असतात. कार्यक्रम तासाभराहून लांबणार असेल तर दोघं लागतात. सलग खुणा करताना हात आणि डोकं दोन्ही थकतं, म्हणून ते वीस-तीस मिनिटांनी आलटून पालटून काम करतात. तेव्हा वरच्या आकड्यात कार्यक्रम तासाभरात संपवा किंवा चारऐवजी दोनच घ्या. दुभाषी वक्त्याशेजारी, उजेडात उभा राहील आणि पाठीमागे खिडकी नसेल, हे आधी बघून ठेवा.

अर्जाचा मजकूर

एवढं झालं की मजकूर दोन संध्याकाळींत होतो. चार पानं पुरतात : आज काय अडतं (फेरीतली मोजमापं आणि फोटो), काय करणार, कोण करणार, किती पैसे, आणि वर्षानंतर काय दिसेल. 'शेकडो दिव्यांगांना लाभ' असं लिहू नका. गावात ३४ दिव्यांग असतील तर ३४ लिहा, त्यातले १२ महिन्यातून एकदा तरी वाचनालयात यावेत असं उद्दिष्ट ठेवा आणि ते कसं मोजणार ते सांगा. येणाऱ्यांची वही पुरते. वहीत अपंगत्वाचा प्रकार लिहायला लावू नका. समन्वयकाला माणसं माहीत असतात, महिन्याची बेरीज तो देईल.

कुणाचंही प्रमाणपत्र, यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्राचा) क्रमांक किंवा परवानगीशिवाय काढलेला फोटो अर्जाला जोडू नका. देणाऱ्यानं मागितलंच तर फक्त संख्या द्या. केविलवाणे फोटो टाळा. रिकाम्या पायऱ्यांचा मोजपट्टीसह काढलेला फोटो जास्त बोलतो.

प्रत्येक मोठ्या खरेदीला तीन दरपत्रकं जोडा. दरपत्रकांवर तारीख आणि जीएसटी स्पष्ट असावा. कर वगळून आकडा धरला की खरेदीच्या वेळी १८ टक्के कमी पडतात, आणि ते शेवटी प्रवासाच्या रकमेतून जातात.

निधी आल्यावर

पैसे बहुधा हप्त्यांत येतात आणि शेवटचा हप्ता अहवालानंतर. म्हणजे शेवटचं काही काम आधी पदरच्या पैशांनी करावं लागतं. तो हप्ता मानधनाला किंवा प्रवासाला लावू नका. ज्यांचं हातावर पोट आहे त्यांनी तीन महिने थांबायचं आणि ठेकेदाराला आधी पैसे मिळायचे, असं त्यातून होतं.

या निधीची वेगळी खातेवही ठेवा. एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपयांहून जास्त रोख देऊ नका. रिक्षावाला पावती देत नाही, म्हणून छापील व्हाउचर ठेवा : तारीख, कुठून कुठे, रक्कम, सही. सही करता न येणाऱ्याचा अंगठा आणि शेजारी एका साक्षीदाराची सही. दृष्टिहीन व्यक्तीला रक्कम मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय सही घेऊ नका. पैसे त्याच दिवशी, बैठक संपताना द्या.

उपयोगिता प्रमाणपत्रासोबत, म्हणजे निधी ठरल्या कामालाच खर्च झाला या दाखल्यासोबत, समितीचा अभिप्राय जोडा, जसा आहे तसा. रॅम्प चांगला झाला पण कठडा उन्हात तापतो, असं खुर्ची वापरणाऱ्या सदस्यानं सांगितलं असेल तर तेही लिहा आणि कठड्यावर आवरण बसवायला किरकोळ दुरुस्तीतले किती लागले ते दाखवा. निधीतून काही उरलं तर परस्पर दुसरीकडे वापरू नका. देणाऱ्याला ईमेल करून लेखी परवानगी घ्या आणि ते उत्तर छापून फाइलला लावा.